पेटीवाल्यानं काय पेलं

जानेफळातल्या एखाद्या पिकल्या म्हाताऱ्याला विचारून पाहा, रक्त पिणाऱ्या भुताचा इंग्रजी सिनेमा कधी पाहिलाय का? तो मान हलवून सरळ नाही म्हणेल. मग विचारा, पेटीवाला साहेब ठाऊक आहे का? झालं! म्हातारा सरसावून बसेल, उपरण्यानं डोळे टिपेल आणि म्हणेल, "लय भला मानूस होता बापा. दुसऱ्याचं इख, म्हंजे जहर, पेऊन पेऊन पांढरा पडला. अन् गावच्या लोकायनं त्यालेच मारलं, हलकट कुठले!"

आता खरी गोष्ट अशी, की पेटीवाला साहेब आणि ते रक्त पिणारं भूत हे दोघं एकच. जगभर ज्याला पाहून बायका किंचाळल्या, त्याला जानेफळानं रडून निरोप दिला. आणि हा सगळा उद्योग एकट्या पुंजाजीचा.

पुंजाजी आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. दात गेलेत, आवाज आहे. रोज सकाळी विहारात पंचशील म्हणताना त्याचा आवाज सगळ्यांच्या वर चढतो, फक्त चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, तो एकदम खाली येतो. शेजारी उभ्या असलेल्या बनाबाईला, म्हणजे त्याच्या बायकोला, हे चाळीस वर्षांपासून माहीत आहे. "तुमचं चवथं शील रोज घशात अटकते का वो?" असं ती घरी येताना विचारते आणि तो खोकल्याचं निमित्त सांगतो. म्हणजे तिथंही खोटंच!

तरुणपणी पुंजाजीनं चार हंगाम खामगावच्या एका कापसाच्या जिनिंग कारखान्यात काढले. जिनिंगच्या भिंतीला लागून टॉकीज होती आणि रविवारी सकाळी तिथं इंग्रजी पिक्चर लागे. तिकीट काढून त्यानं त्यातले मोजकेच पाहिले, बाकीचे भिंतीपलीकडून ऐकले. घोडागाड्या धावायच्या, दारं करकरायची, कुणीतरी बाई ओरडायची, आणि हा सरकीच्या ढिगावर पाठ टेकून डोळे मिटून आपल्या मनानं पिक्चर जुळवायचा. गावी परत आला तेव्हा "पुंजाजीले इंग्रजी येते" अशी वदंता त्याच्याआधी पोचली होती. त्यानं ती खोडली नाही. कोण खोडेल हो?

पुढं एका हिवाळ्यात शेषराव नावाचा व्हिडिओवाला खामगावहून टीव्ही आणि व्हीसीआर गोधडीत गुंडाळून, लेकरासारखे मांडीवर घेऊन बसनं जानेफळला उतरला. हिंदी कॅसेटी लग्नसराईत कुणी हाती लागू देत नव्हतं, म्हणून त्याच्याकडे सगळ्या इंग्रजीच. त्याही एकाच नटाच्या. कॅसेटच्या खोक्यावर लांबोडका चेहरा, जाड भुवया, काळा झगा. शेषरावनं इंग्रजी येणारा म्हणून पुंजाजीला दुभाषा ठरवलं आणि चहाच्या टपरीवर त्याला गोष्ट सांगून ठेवली, "हा मेलेला मानूस हाये. दिवसा पेटीत झोपते, राती उठते अन् बायायच्या मानंले दात लावून रगत पेते. तू फक्त असंच सांगजो, लोकं लय भेतात." पुंजाजीनं मान डोलावली. त्याला काम समजलं होतं.

खेळ ठरला वामनरावच्या कापसाच्या गोदामात. वामनराव गावातले मोठे शेतकरी. त्यांचा कापूस न्यायला खामगावची गाडी यायची होती, तोवर गोदाम आढ्यापर्यंत भरलेलं. भर दुपारी दार लोटून घेतलं, खिडकीला घोंगडी लावली आणि गाव कापसावर चढून बसलं. बसलं कसलं, कमरेपर्यंत रुतलं. टिनाच्या भोकातून उन्हाची एक सळई खाली येत होती, तिच्यात कापसाचे तंतू तरंगत होते. टीव्हीच्या निळ्या उजेडात तेच तंतू पांढरे व्हायचे आणि पिक्चरमधलं धुकं कुठं संपलं, गोदामातलं कुठं सुरू झालं, काही कळायचं नाही. लहान लेकरं तर पहिल्या पाच मिनिटांत झोपली. मोठेही अर्धवट गुंगीतच होते. टीव्हीच्या बाजूला स्टुलावर, हातात कापसाच्या पऱ्हाटीची काडी घेऊन पुंजाजी. ज्या वामनरावच्या ओट्याखाली त्याचा बाप उभा राहायचा, त्याच्या गोदामात तो सगळ्यांच्या पुढं बसला होता, आणि ते सुख काही लहान नव्हतं.

पेटी दिसली. आपल्याकडं माणसाला जाळतात तरी, नाहीतर तसंच मातीत देतात. झाकणाच्या पेटीत घालून पुरतात हे कुणाच्या गावी नव्हतं. "एवढी मोठी पेटी! कपडे ठेवाची हाये का?" कुणीतरी विचारलं. झाकण उघडलं आणि साहेब उठून बसला. "थो पेटीत झोपते," पुंजाजी म्हणाला. "हवा लागू नये म्हनून," मागून एक म्हातारी म्हणाली. थंडीचे दिवस होते, तिचं सगळ्यांना पटलं. तिथूनच त्याचं नाव पेटीवाला पडलं.

आणि मग तो क्षण आला. साहेब पलंगावरच्या पोरीवर वाकला, बराच वेळ वाकून राहिला आणि त्यानं तोंड वर केलं. ओठांवर, हनुवटीवर रक्त.

 पुंजाजीनं तोंड उघडलं, 'रगत पेते' म्हणायला, तर त्याला दिसलं की टीव्हीकडे कुणी पाहतच नाहीये. सगळ्या माना मागं वळल्या होत्या. दाराशी शालूबाई बसली होती.

शालूबाई म्हणजे वामनरावची बायको. गोदाम तिच्याच घरचं, त्यामुळं तिला येऊ नको कोण म्हणणार? पण तिच्या आजूबाजूला दोन-दोन हात कापूस मोकळा होता. तिथं कुणी बसलं नव्हतं. दोन वर्षं झाली, तिच्याजवळ कुणी बसतच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी कापूस वेचताना तिच्या पाच वर्षांच्या पोरीला, पुष्पांजलीला, सापानं पायाला डसलं. शेतात दोघीच. शालूबाईनं विळ्यानं चीर दिली आणि तोंड लावून विष ओढू लागली. माणसं धावत आली तोवर पोर गेली होती, आणि आईचं तोंड, हनुवटी, चोळी रक्तानं भरली होती. तिच्या सासूनं तिथंच शेताच्या धुऱ्यावर छाती पिटून ओरडून सांगितलं, "खाल्लं व माय इनं पोरीले! रगत पेलं पोटच्या पोरीचं!" दुःखात माणूस काहीही बोलतं. पण गावानं ते उचललं. सोजराबाईसारखी सख्खी शेजारीण, तीही शालूबाई रस्त्यानं आली की नातवंडांना ओढून घरात घ्यायची.

त्या दिवशी सगळ्यात आधी धावत पोचलेला माणूस पुंजाजी होता. शेजारच्या शेतात मजुरीला होता तो. त्यानं काय पाहिलं ते त्याला पक्कं ठाऊक होतं, पण सासूबाईंच्या तोंडावर तो बोलला नाही. मोठ्या घरची गोष्ट, आपण कोण मजूरमाणूस, उद्या काम बंद झालं तर? असं म्हणून त्यानं तोंड शिवलं. दोन वर्षं शिवलेलंच होतं.

आता त्या मोकळ्या कापसात बसलेली शालूबाई त्याच्याकडं पाहत होती. रागानं नाही, रडूनही नाही. ती नुसती वाट पाहत होती, हा आता काय म्हणतो त्याची. पुंजाजीनं काडी पडद्यावर टेकवली आणि त्याच्या तोंडून आपोआप निघालं, "इख काढून राह्यला."

"आँ?"

"त्या पोरीले पान लागलं हाये, साप डसला. साहेब इख काढून राह्यला तिचं. तोंडानं."

एवढंच. गोदामातून एक लांब सुस्कारा निघाला. सोजराबाई म्हणाली, "अव माय! मंग पोरगी वाचली का?" पडद्यावरची पोरगी तर मेली. पुंजाजी म्हणाला, "नाही वाचली. इख लय होतं. पन यानं जीव लावला." आणि काय सांगावं, गोदामातल्या बाया पदर तोंडाला लावून हमसू लागल्या. शेवटी गावकरी मशाली घेऊन येतात आणि साहेबाच्या छातीत लाकडी खुंटी ठोकतात, तेव्हा तर दोघंतिघं टीव्हीवर धावूनच गेले. शेषराव बिचारा टीव्हीला मिठी मारून उभा राहिला. दार उघडल्यावर उन्हात सगळे डोळे चोळत बाहेर पडले, अंगभर कापूस चिकटलेला. सोजराबाई शालूबाईपाशी थांबली.  तिच्या डोक्यावरचा कापूस तिनं वेचून टाकला.

पुढं आठ दिवस शेषरावचा मुक्काम लांबला आणि त्या नटाचे सहा पिक्चर झाले. पुंजाजीची मात्र कंबर मोडली. एकदा सांगून बसला होता ना! आता प्रत्येक गोष्ट त्याच मापात बसवणं आलं. लसूण पाहून साहेब दचकतो, तर लसणानं त्याच्या अंगात साठलेलं विष उकळतं. उन्हाला भितो, कारण विषाची नशा उन्हात चढते. एका पिक्चरमध्ये तो पायापासून डोक्यापर्यंत पट्ट्या गुंडाळून भुयारातून निघाला, तर अंग सुजलंय म्हणून दवाखान्यातून पळून आलाय. एकात काचेच्या नळ्यांतून धूर काढत बसला, तर उतारा शोधतोय. एकात भल्यामोठ्या दालनात एकटा बाजाची पेटी वाजवत होता. तिथं मात्र पुंजाजीला काही रचावं लागलं नाही. "पेटीवालाच हाये ना थो," असं पब्लिकनंच त्याला सांगितलं. आणि मागच्या पिक्चरमध्ये मेलेला माणूस पुढच्यात जिता कसा, असं वामनरावनं विचारलं तेव्हा पुंजाजी डोळे न मिचकावता म्हणाला, "ज्यानं दुसऱ्याचं इख पेलं, त्याले मरन नाही, मालक."  त्या संध्याकाळी वामनराव बायकोशी दोन वर्षांनी नीट बोलले, असं म्हणतात.

शेषराव गेला, कापूस गेला, पण पेटीवाला राहिला. लोकांच्या झोपेत राहिला. कुणाला तो ज्वारीच्या उभ्या पिकातून काळा झगा सावरत जाताना दिसे, कुणाच्या आजारपणात उशाशी येऊन बसे. स्वतः पुंजाजीच्या स्वप्नात तो कापसावर पाय न रुतवता चालत यायचा, त्याच्याकडे पाहायचा आणि इंग्रजीत काहीतरी बोलायचा. लांब, सावकाश, काकुळतीनं. पुंजाजीला त्यातलं अक्षर कळायचं नाही. जाग आली की वाटायचं, बिचारा आपली खरी गोष्ट सांगत असेल, आणि दुभाषा कसा मिळाला तर मी!

तर असं चाळीस वर्षं सुरळीत चाललं होतं. मग नातवानं घोळ घातला.

प्रसेनजित जळगाव जामोदला शाळेत शिक्षक आहे. हुशार पोरगा, आजोबांवर जीव. सुट्टीत आला तो नाचतच, "आजोबा, तुमचा पेटीवाला सापडला! मोबाइलवर पूर्ण पिच्चर हाये. तेबी हिंदीत! शाळेतून प्रोजेक्टर आनला म्या. रविवारी दुपारी आपल्या मराठी शाळेच्या खोलीत लावतो. साऱ्या म्हाताऱ्यायले बोलावतो."

पुंजाजीच्या तोंडचं पाणी पळालं. "हिंदीत कायले? इंग्रजीच चांगला हाये थो."

"हिंदी समजते ना साऱ्यायले."

"म्हनूनच म्हन्तो!"

"काऊन, आजोबा?"

आता काऊनचं काय उत्तर द्यावं? म्हातारा खोकला. बनाबाई चुलीपाशी भाकर थापत होती, ती म्हणाली, "अटकलं पुन्हा घशात." आणि तिनं नवऱ्याकडं अशी नजर टाकली, की त्याला कळून चुकलं, हिला सगळं ठाऊक आहे. पुढं रोज रात्र सरली की तो मनाशी ठरवायचा, आज शालूबाईला जाऊन सांगायचं. रविवारी हिंदीनं भर गावात सांगण्याआधी आपण एकट्यानं सांगायचं. गाव हसलं तर हसू दे, हसं काय, उडालं तर उडालं. पण त्या बाईचं काय? ती ज्या एका गोष्टीवर चाळीस वर्षं गावात मान वर करून चालली, ती गोष्ट आपण स्टुलावर बसून मारलेली थाप होती, हे कुणी तिला भरल्या खोलीत का ऐकवावं?

शनिवारी तो गेला. शालूबाई ओट्यावर फुलवाती वळत बसली होती. सत्तरी ओलांडलेली, वामनराव जाऊन सात वर्षं झालेली, कानानं थोडी जड. त्याला पाहून तिचा चेहरा उजळला. "ये गा भाऊ. उद्या येते म्हन ना आपला पेटीवाला? म्या सपनात तं रोजच पाह्यते त्याले. कितीक डाव पुष्पी त्याच्यापाशीच बसली दिसते, त्या पेटीवर. पाय हालवत." तिनं वात वळणारं बोट थांबवलं. "त्याचं तोंड आता नीट आठवत नाही पन. बरं झालं प्रसेनजितनं आनला."

पुंजाजी अर्धा तास बसला. चहा प्यायला. वाती मोजल्या. आणि उठून घरी आला. सांगितलं नाही. पोरीला त्या पेटीवरून खाली कुणी उतरवायचं?

रविवारी शाळेच्या खोलीत खिडक्यांना सतरंज्या लावल्या. पंधरावीस म्हातारी जमली. त्यातली निम्मी गोदामात बसलेली, निम्मी नुसती ऐकून मोठी झालेली. सोजराबाई काठी टेकत आली, पंच्याऐंशीची. शालूबाई सवयीनं दाराशी बसली. प्रसेनजितनं आजोबांसाठी मुद्दाम पुढं स्टूल ठेवलं होतं. भिंतीवर धुकं आलं, घोडागाडी आली, पेटी आली. "तोच व माय! तोच!" म्हाताऱ्या पोरींसारख्या चिवचिवल्या. भिंतीवरच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे पुन्हा निळे झाले, आणि घडीभर पुंजाजीला वाटलं, हिंदी बंद पडेल, लाइट जाईल, काहीतरी होईल आणि हे असंच राहील.

काही झालं नाही. लाइट त्या दिवशी मेली गेली नाही! साहेब पोरीवर वाकला, तोंड वर केलं, आणि हिंदीतला कुणीतरी घोगरा माणूस ठणठणीत आवाजात बोलला, की मी माणसांचं रक्त पिऊन जगतो.

खोलीत चुळबुळ झाली. हिंदी सगळ्यांना कळत होतं. कुणीतरी म्हणालं, "हिंदी चुकलं वाटते." सोजराबाई म्हणाली, "मेल्यायनं बिघडवला पिच्चर."

दाराशी बसलेली शालूबाई कानाला हात लावून म्हणाली, "भाऊ, का म्हन्ते थो? मले नाही आयकू आलं."

सगळ्या माना वळल्या. आधी तिच्याकडं, मग पुंजाजीकडं. प्रसेनजितनं चित्र थांबवलं. भिंतीवर ते तोंड तसंच राहिलं, ओठांवर रक्त. पुंजाजी उठला.  पुन्हा तेच तीन शब्द बोलता आले असते त्याला, आणि खोलीतलं एकही माणूस त्याला खोटं पाडणार नव्हतं. ते तर वाटच पाहत होते.

"रगत पेते म्हन्ते, शालूबाई," तो मोठ्यानं म्हणाला. "हिंदी बराबर हाये. म्याच खोटं सांगतलं होतं. थो इख काढत नव्हता."

कुणी हसलं नाही. शालूबाईनं भिंतीवरच्या तोंडाकडं पाहिलं. मग हळू आवाजात, कुणाला दोष न देता म्हणाली, "मंग म्याबी पेलंच असंन."

"काय?"

"मले आठवत नाही ना, भाऊ. तोंड भरलं होतं थे आठवते. थुकली का गिळली, थे नाही आठवत. सासू म्हने पेलं. तू म्हने काढलं. म्या तुह्यं धरलं." ती पदराची शिवण चाचपत होती. "पन तू तं त्या साहेबाचं सांगत होता."

 चाळीस वर्षं पुंजाजीला वाटत होतं, आपण या बाईला थाप मारून सावरलं. आणि ही बिचारी तेवढी वर्षं एका इंग्रज भुताच्या भरवशावर बसली होती, कारण डोळ्यांनी पाहिलेल्या माणसानं तिला ते कधी सांगितलंच नव्हतं. तो खोलीच्या मधून, बसलेल्या माणसांच्या गुडघ्यांना धडकत दारापर्यंत गेला आणि तिच्यासमोर खाली बसला.

"साहेबाचं सोडा," तो म्हणाला. "म्या तुमचं सांगतो. म्या सगळ्यायच्या आंधी पोचलो होतो वावरात. म्या पाह्यलं. तुमी थुकत होत्या, शालूबाई. तोंड लावे अन् थुके, तोंड लावे अन् थुके. बाजूची माती लाल झाली होती. पोरगी थंडी पडली तरी तुमी थांबत नव्हत्या. म्या खांद्याले धरून ओढलं तवा थांबल्या. म्या ओढलं तुमाले, ह्या हातानं. अन् मंग मालकाच्या घरचे आले, मी भेलो, अन् बोललो नाही."

 सोजराबाईनं तोंडाला पदर लावला होता. प्रसेनजित प्रोजेक्टरवर हात ठेवून उभा होता, आजोबांना पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा.

शालूबाईनं पुंजाजीचे दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले.

"थुकत होती मी?" तिनं विचारलं.

"थुकत होत्या."

"सारं?"

"सारं."

"मंग लवकर काऊन नाही सांगतलं बे!" ती म्हणाली, आणि त्याच्याच खांद्यावर डोकं टेकून, पोर गेली त्या दिवशी रडायचं राहून गेलं होतं, ते रडू लागली.